पप्पांना "विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांसाठी

प्रिय आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम. काल फोनवर तू मधेच गप्प झालीस तेव्हाच वाटलं काहीतरी झालंय, मग ताईने सगळं सांगितलं. घरी प्रार्थनेला आलेल्यांपैकी कोणीतरी पप्पांच्या तोंडावर म्हणालं की एवढी प्रार्थना करून पण डायलिसिस सुटत नाही म्हणजे विश्वास कमी पडतोय नाहीतर घरात काही पाप लपलंय. फोनवर मला हे नीट बोलता येणार नाही गं, आधी राग येतो मग रडूच येतं, म्हणून टाईप करतेय. पप्पांना वाचून दाखव.

आई, हा प्रश्न शिष्यांनीच विचारून झालाय ना. योहान 9 काढ. जन्मापासून आंधळा माणूस समोर आणि हे विचारतायत पाप कोणाचं, याचं की आईबापाचं. येशू म्हणाला ना याचं ना त्यांचं. मग आपल्याकडे ही चौकशी अजून का चालू आहे? सगळं गमावून दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र बघ, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तेवढंच काय ते चांगलं केलं, तोंड उघडलं आणि सगळा घोळ. शेवटी देवाने ईयोबाला नाही, त्यांनाच झापलं.

आणि प्रेषित पौलाचं काय करायचं मग? ज्याच्या अंगावरचे रुमाल नेले तरी आजारी बरे व्हायचे, त्याने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न सुटणाऱ्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली आणि काटा काही निघाला नाही, उत्तर काय मिळालं तर माझी कृपा तुला पुरे आहे. त्याच्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत गावात आजारीच ठेवून आला. दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला तर लिहितो पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, म्हणजे औषधच की ते! विश्वास वाढव असं नाही लिहिलं. आपल्या पंडिता रमाबाई 1883 ला इंग्लंडला गेल्या ते डॉक्टर व्हायचं म्हणून, पण कानाने ऐकू कमी येत चाललेलं त्यामुळे ते राहूनच गेलं. बहिरेपण त्यांच्याबरोबरच राहिलं. त्यांचा विश्वास मोजायला कोण जाणार?

इथे मी दिवसभर डायलिसिसच्याच पेशंटमध्ये असते, आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला. फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली असते तिथे, बोटं ठेवली की कातडीखाली एक सारखी थरथर लागते, रक्त जोरात वाहत असल्याची, ती लागली की मला हायसं वाटतं. पप्पांच्या हाताला एकदा तू पण लावून बघ. त्यामुळे मला कोणी म्हटलं ना की शरीर काय नुसतं कवच आहे, आत्मा महत्त्वाचा, तर मला पटत नाही. पौल रोमकरांस 8 मध्ये म्हणतो आपण आतल्या आत कण्हतोय आणि वाट बघतोय, कशाची तर शरीराच्या मुक्तीची. शरीरापासून सुटकेची नाही. म्हणजे पप्पांचा हाच देह, ज्यात इतक्या सुया टोचल्या गेल्या, त्याचंच देवाला पडलंय. प्रभू मरणातून उठला तो पण हाताच्या आणि कुशीच्या खुणा घेऊनच उठला, शिष्य थोमाला दाखवल्या की.

लाजराचं पण मला हल्ली वेगळंच दिसतं. येशूने त्याला मेलेल्यातून उठवला खरा, पण पुढे कधीतरी तो परत मेलाच असणार ना. म्हणजे बरं होणं हे सुद्धा शेवटचं नाही, आपली आशा त्याच्याही पुढची आहे, जिथे परत मरण नाही. आणि येशूला माहीत होतं की थोड्या वेळात तो लाजराला हाक मारणार आहे, तरी कबरेजवळ तो रडला. मग तू कशाला पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात रडतेस? पप्पांसमोर रड, दोघं मिळून रडा, त्याने काही विश्वासाची साक्ष बिघडत नाही.

प्रार्थना थांबवा असं अजिबात म्हणत नाहीये मी. याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करू देत, किडनी बरी कर म्हणून सरळ मागा, मी पण रोज तेच मागते. फक्त उत्तर नाही आलं तर त्याचं खापर पेशंटवर नको. पुढच्या वेळी प्रार्थनेला बसाल तेव्हा स्तोत्र 88 वाचायला सांग, अख्खं. ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी पण स्तुतीची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी पप्पांना ते ऐकवलं ना, त्यांनाच वाचायला दे.

आणि हो, फिस्टुलाच्या हातावर कोणालाही बीपी घेऊ देऊ नकोस, डायलिसिसशिवाय सुई पण नाही, आणि त्या कुशीवर झोपू नका म्हणावं. थरथर लागली नाही तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. ताईला सांग शनिवारी व्हिडीओ कॉल लावेन, पप्पा जागे असतील तेव्हा.

तुझी,
छोटी