सातेरीचा उजवा कौल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझी पत्रे उत्तराविना पडून आहेत, त्याबद्दल मनसोक्त रागाव. प्रकृती ठीक, गुडघा कुरकुरतो, चालायचेच.

लिहितो आहे ते आपल्या देवराईसाठी. सातेरीच्या देवळाला सिमेंटचा सभामंडप हवा म्हणून मानकऱ्यांनी गाऱ्हाणे घालून कौल लावला, पाकळी उजवीकडून पडली म्हणजे देवीचा होकार मिळाला, आणि मंडपाच्या आड येणारा तो म्हातारा बेहडा तोडायचे ठरले. ज्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीत घातली नाही, तिथे! त्या बेहड्यावर मांडीएवढी जाड गारंबी चढली आहे आणि तिला यंदा हातभर लांबीच्या शेंगा लोंबत आहेत.

गावसभेत मी विरोधाला उभा राहिलो तेव्हा तोंडी आले ते तुझेच, तत्त्वज्ञ स्पिनोझाकडून घेतलेले पालुपद: ईश्वर आणि निसर्ग दोन नव्हेत. त्यावर अण्णांनी शांतपणे विचारले, "मग सिमेंट काय निसर्गाबाहेरचे?" हीच शंका मी वसतिगृहात काढली होती, तेव्हा उत्तर देण्याऐवजी तू माझा लाडवांचा डबा रिकामा केला होतास.

1656 साली ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेल्या तुझ्या स्पिनोझाचा ईश्वर रागावत नाही, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्याने उलट प्रेमाची आशाही धरायची नाही. विचार भव्य आहे. पण त्या ईश्वराला बेहडा काय आणि सिमेंटची गोणी काय, दोन्ही सारखीच. राई आजवर टिकली ती देवी कोपेल या धाकाने, म्हणजे ज्या समजुतीला तू अडाणीपणा म्हणायचास, नेमकी तिच्यामुळे. आता तीच देवी तोडीला कौल देते! स्पिनोझाच्या ईश्वराला निदान कौल तरी लावता येत नाही.

'अमृतानुभवा'त ज्ञानदेव विचारतात, एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवतात, तसा अद्वैतात भक्तीचा व्यवहार का होऊ नये? माझे मन तिथे अधिक रमते. पण ही ओवी सभेत म्हटली असती, तर अण्णांनी तिच्यातले देऊळ तेवढे उचलले असते.

वहिनींचे ऑपरेशन सुखरूप झाले, आनंद वाटला. चिरंजीवांच्या नोकरीचे कळव.

तोड पावसाळा सरल्यावर आहे. त्याआधी एवढे लिही: सारेच ईश्वर मानणाऱ्याने सिमेंट सोडून बेहड्याचीच बाजू घ्यावी ती कोणत्या आधारावर? या वेळी लाडू मिळणार नाहीत, उत्तर द्यावेच लागेल.

तुझा,
विनायक