दोन बेंदूर आणि तुमचा पोळा

बाळा,

काल फोनवर म्हणालास की आई इथं नागपुरात बेंदूर म्हटलं की कुणाला कळतच नाही, पोळा म्हणावं लागतं, आणि तोही श्रावणातल्या अमावस्येला, मग आम्ही पुरणपोळी करायची तरी कधी. तेव्हा डेअरीला दूध घालायची वेळ झालेली म्हणून नीट बोलता आलं नाही, आता निवांत टाइप करत बसलेय.

अरे हा घोळ आपल्या घरात माझ्या लग्नापासूनचा आहे. माझं माहेर मिरजेच्या पलीकडं, कर्नाटकाला लागून, तिथं कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठातल्या पौर्णिमेच्या आसपास. लग्न होऊन इकडं वाळव्यात आले तर इथला बेंदूर आषाढात, म्हणजे एकाच जिल्ह्यात जवळजवळ महिन्याचा फरक. पहिल्या वर्षी ज्येष्ठातच मी कुणाला न विचारता सकाळी हरभऱ्याची डाळ शिजत घातली, आज माहेरी बैल धुतले असतील एवढंच डोक्यात होतं. तुझी आजी चुलीपाशी आली, डाळ बघितली, काहीच बोलली नाही, पाटा धुतला आणि पुरण वाटायला स्वतः बसली. तेव्हापासून आपल्याकडं दोन्ही बेंदरांना पुरण शिजतं.

म्हणून सांगते, तुम्ही आषाढात पण करा आणि पोळ्याला पण करा.

सूनबाईंच्या हातची पोळी मी खाल्लीय, पुरण गच्च भरलेलं, पोळी जाड, आणि वाटीभर तुपात बुडवून खायची, मला फार आवडली. आपली पातळ असते आणि आपला सगळा जीव येळवणीच्या आमटीत. ती मात्र आपल्यासारखीच कर. डाळ बोटचेपी झाली की चाळणीत निथळायची, ते पाणी टाकायचं नाही, तीच येळवणी. नैवेद्यापुरती कांदा-लसणाशिवाय आधी बाजूला काढायची. बाकीच्यात भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आपली चटणी, चिंचेचा कोळ आणि लिंबाएवढं पुरण, बास, आणि डाळ वाटून घालून घट्ट करू नकोस, आमटी पातळच पाहिजे, भातावर ओतली की ताटभर पळाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी शिळी तर अजून चांगली लागते.

तू विचारलंस बैल विकले, ट्रॅक्टर आला, मग तू कुणासाठी करतेस एवढं. बाळा, आपली जोडी गेली त्या वर्षी मला करवेना खरंच. शिंगांत अडकवायला कडबोळी करायची तर शिंगंच नाहीत दावणीला. पण तुझ्या बाबांनी कुंभाराकडून मातीचे बैल आणले, रिकाम्या दावणीपाशी पाटावर मांडले आणि पोळीचा घास त्यांच्यापुढं धरून उभे राहिले, रडत होते रे. त्या बैलांनी तुझी कॉलेजची फी भरलीय. मी जिवंत आहे तोवर त्यांचं पुरण चुकणार नाही.

सूनबाई सांगत होत्या त्यांच्याकडं आदल्या दिवशी बैलांना म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मला इतकं भरून आलं ते ऐकून, आता मी पण म्हणणार आहे आमच्या मातीच्या बैलांना.

पार्सल पाठवतेय, दोन किलो गूळ, चटणीचा डबा, आणि छकुलीसाठी मातीची जोडी, पेंढ्यात गुंडाळलीय, जपून सोड. तुमच्याकडच्या लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्याला तिच्या लाकडी बैलाशेजारी ठेवा, आणि फोटो पाठवा, बाबांना बघायचाय.

तुझी आई