शनिवारी भाषा दिनाची बैठक

सभासदहो,

येत्या शनिवारी, 26 सप्टेंबरला, युरोपीय भाषा दिवस. कौन्सिल ऑफ युरोपच्या पुढाकाराने तो 2001 पासून साजरा होतो. आपण मात्र जपानीवाल्यांनाही बोलावतो आहोत, हट्टाने!

वेळ : संध्याकाळी 6
स्थळ : नेहमीचेच, वाचनालयाचा वरचा मजला

• एका टेबलावर एकच भाषा. मराठी-इंग्रजी फक्त चहाच्या वेळी.
• डिसेंबरची जेएलपीटी (जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा) देणाऱ्यांनी जपानी टेबलावर जरूर बसावे. त्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो, त्यामुळे एन3 (मधली पातळी) झालेलेही तोंड उघडायला बिचकतात.
• नवशिक्यांनी बिनधास्त यावे. जर्मनमधले डेर-डी-डास (नामाचे लिंग दाखवणारे शब्द) चुकले तर कोणी हसणार नाही.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव आणि भाषा ग्रुपवर टाकावी. टेबले त्यानुसारच मांडू.

– कार्यवाह