अंदमानहून सुहासला

शहीद द्वीप (नील), अंदमान
१४ डिसेंबर

प्रिय सुहास,

संध्याकाळचे सहाही वाजले नाहीत आणि इथे मिट्ट काळोख झालाय. बेटं इतकी पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे चहाच्या वेळेलाच दिवस मावळतो. हातात भरपूर रात्र आहे, म्हणून फोन न करता पत्रच लिहितोय.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) उतरल्यावर पहिल्यांदा सेल्युलर जेलला गेलो. आपण मराठी माणसं दुसरीकडे कुठे जाणार! तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी (लांब इमारतींपैकी) तीनच उरल्यात. सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो तो एका दाराच्या कडीपाशी. कडीचा लोखंडी दांडा दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीत खोबणी करून आत घेतलाय. गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी कुलपाला बोट लागू नये, इतका हिशेबाने. एका पाकळीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा माणूसही दिसायला नको. बाबाराव आणि तात्याराव सावरकर एकाच तुरुंगात असून भेट का होत नव्हती, ते वाचून कळलं नव्हतं. त्या कडीपाशी कळलं.

पण सुहास, मला तुला सांगायचंय ते वेगळंच. आपण ही इमारत बघून, डोळे पुसून परत जातो आणि अंदमान पाहिलं असं म्हणतो. ही बेटं त्याआधी कुणाची होती, हे मीही कधी विचारलं नव्हतं. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरवली आणि त्यांच्याच हातून जंगल तोडायला सुरुवात झाली. ते जंगल ग्रेट अंदमानी लोकांचं होतं. मे १८५९ मध्ये ते धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चालून आले. ॲबर्डीनची लढाई. बेत आधीच फुटला होता. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी वर्षभर त्यांच्यात राहिला होता, त्यांनी त्याचं लग्नही लावून दिलं होतं. त्यानेच येऊन खबर दिली. बंदुकांपुढे बाणांचं काय चालणार? पुढे राहिलेल्यांना गोवर आणि इतर रोगांनी नेलं. त्यांच्या दहा टोळ्या होत्या, आज सगळे मिळून पन्नासच्या आसपास उरलेत. २०१० मध्ये बोआ सीनियर वारल्या आणि ‘बो’ ही भाषा बोलणारं कुणीच राहिलं नाही. इंग्रजांच्या एकाच वसाहतीने आपले क्रांतिकारक पिळून काढले आणि या माणसांचा जवळजवळ निर्वंश केला. मला या दोन गोष्टी आता वेगळ्या काढता येत नाहीत.

बाराटांग बेटावरही मी गेलो, आणि जायला नको होतं. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांचा ताफा लागतो, मग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं, फोटो काढायचा नाही. राखीव भागातला हा रस्ता बंद करा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००२ चा आहे. ताफे चालूच आहेत. वाटेत एक बाई, कडेवर मूल, झाडीच्या कडेला उभी दिसली. आमच्या गाडीतले सगळे एकदम एका बाजूला सरकले. मी मान खाली घातली, पण तिकीट मीही काढलं होतंच. पुढची खाडी, दोन्ही बाजूंनी कमान धरलेली खारफुटी, चुनखडीची गुहा, सगळं सुंदर होतं. तू आलास तर तरीही त्या रस्त्याने जाऊ नकोस.

पोर्ट ब्लेअरला ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजी ‘लोकल बॉर्न’, म्हणजे शिक्षा संपवून इथेच राहिलेल्या कैद्यांच्या वंशातल्या. पणजोबा एका प्रांतातले, पणजी दुसऱ्या, दोघांची जात वेगळी, तीही कैदी. घरात सगळे हिंदुस्तानी बोलतात. जपानी अमलाच्या (१९४२ ते ४५) गोष्टी त्यांनी आईकडून ऐकलेल्या. त्याच तुरुंगात जपान्यांनी इथल्या माणसांना हेर ठरवून कोंडलं होतं. मी बोलता बोलता ‘काळं पाणी’ म्हणालो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “आप लोग कालापानी बोलते हो, हमारा तो यही मुलुक है.” मला पुढे काही बोलवेना.

नील बेटावर गावांची नावं ऐक: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी ही बेटं कसली. आज ओहोटीला लक्ष्मणपूरच्या खडकांवर एका बंगाली पोराबरोबर तासभर चाललो. गुडघाभर डबक्यात मेंदूच्या आकाराचं प्रवाळ, आणि जाड दोरखंडासारखी पडलेली समुद्रकाकडी. त्या पोराने पाण्यात हात घातला नाही, मलाही घालू दिला नाही. “जिंदा है,” म्हणाला. प्रत्येक पाऊल कुठे टाकायचं ते तो बोटाने दाखवत होता, आणि मी त्याच्या मागे, त्याच्याच पावलांवर पाऊल ठेवत.

उद्या ओहोटीला परत त्याच्याबरोबर जाणार आहे. परवाच्या बोटीने निघेन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध