जपानी माणूस चुरस कशी बोलून दाखवतो

टोकियो, नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जी माणसे साधा नकारही तोंडावर देत नाहीत, ती आपली ईर्षा बोलून तरी कशी दाखवतात, हा तुमच्या पत्रातला प्रश्न मला फार नेमका वाटला. इथली चुरस आपल्याकडच्याइतकीच कडवी आहे. मात्र ती व्यक्त करताना माणूस स्वतःच्या विजयाविषयी बोलत नाही, तो समोरच्याच्या मोठेपणाविषयी आणि स्वतःच्या हरण्याविषयी बोलतो.

तुम्ही सांगलीत उभा जन्म बुद्धिबळाच्या पटासमोर काढलात, म्हणून शोगी या जपानी बुद्धिबळापासून सुरुवात करते. ८१ घरांच्या या पटावर मारलेली मोहरी आपलीशी करून पुन्हा उतरवता येतात, आणि त्यामुळे डाव शेवटपर्यंत तापलेला राहतो. आता आपले काही उरले नाही, हे ज्याला कळते, तो मारलेल्या मोहऱ्यांच्या छोट्या पाटावर हात ठेवतो, मान लववतो आणि स्पष्ट आवाजात ‘माकेमाशिता’, म्हणजे ‘मी हरलो’, असे म्हणतो. जिंकणाराही मान लववतो, पण त्या क्षणी बोलण्याचा मान हरणाऱ्याचा असतो. त्यानंतर दोघे मिळून तोच डाव मागे नेतात आणि कोणती खेळी कुठे फसली याचा एकेका मोहऱ्यानिशी शोध घेतात. याला ‘कान्सोसेन’ म्हणतात. घटकाभरापूर्वी एकमेकांना नामोहरम करायला बसलेली ही माणसे हलक्या आवाजात ‘इथे हे खेळलो असतो तर?’ असे विचारताना पाहिली की मला अतिशय आदर वाटतो.

फुजिई सोता याने २०२३ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, शोगीचे आठही मोठे किताब एकाच वेळी स्वतःकडे घेतले. त्यातला आठवा ज्याच्याकडून घेतला, तो नागासे ताकुया त्याचा अनेक वर्षांचा सरावाचा जोडीदार आहे. अशा जोडीविषयी लोक ‘सेस्सा-ताकुमा’ म्हणतात. हाड, हस्तिदंत, रत्न आणि दगड यांना कापून, घासून झळाळी आणण्याचे हे जुन्या चिनी काव्यातले वर्णन आहे.

लहानाने मोठ्याला आव्हान देण्याची तऱ्हाही तालमीतच जन्मली आहे. सुमोच्या सरावात ज्येष्ठ मल्ल छाती पुढे करून उभा राहतो आणि धाकटा तिच्यावर धडका देत त्याला रेटतो. म्हणून वरचढ संघाशी गाठ पडली की कप्तान ‘त्यांची छाती उसनी घ्यायला आलो आहोत’ असे सांगतो. ऐकायला ही शरणागती वाटते, पण असे सांगणारा संघ जीव तोडून खेळतो.

उघड वैर पाहायचे तर वासेदा आणि केइओ या विद्यापीठांचा बेसबॉलचा सामना पाहावा. तो १९०३ मध्ये सुरू झाला, आणि पाठीराख्यांचा उन्माद हाताबाहेर गेल्यामुळे १९०६ मध्ये बंद पडला, तो १९२५ मध्येच पुन्हा रंगू लागला. सारा देश या सामन्याला ‘सोकेइसेन’ म्हणतो, त्यात वासेदाचे अक्षर, ज्याचा उच्चार इथे ‘सो’ होतो, आधी येते; केइओची मुले मात्र कटाक्षाने ‘केइसोसेन’ म्हणतात. मेइजी जिंगूच्या मैदानावर मी पाहिले, की एका बाजूचे हजारो विद्यार्थी समोरच्या विद्यापीठाचे नाव घेऊन ‘फुरे, फुरे’ असा जयघोष करतात, समोरूनही तसाच जयघोष येतो, आणि खेळ सुरू झाला की तेच कंठ ‘ताओसे’, म्हणजे ‘लोळवा’, असे गर्जू लागतात.

केइओचे संस्थापक फुकुझावा युकिची यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, राजवटीत अर्थशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकाची अनुक्रमणिका भाषांतरित करताना त्यांनी स्पर्धेसाठी ‘क्योसो’ हा शब्द घडवला. त्यात ‘भांडण’ या अर्थाचे अक्षर आहे, ते वरिष्ठांपुढे कसे ठेवायचे, अशी हरकत एका अधिकाऱ्याने घेतली, आणि फुकुझावांना तो शब्द शाईने खोडूनच कागद द्यावा लागला. आज तोच शब्द वर्तमानपत्रात रोज छापला जातो.

ज्या डावात नागासेचा तो आठवा किताब गेला, तो डाव जिंकत आलेला असताना शेवटच्या घाईत हातून निसटला. त्याची नोंद आणि मोहऱ्यांच्या चालींचा तक्ता पुढच्या पत्रासोबत पाठवते. तो मांडून पाहा आणि तुम्ही काय खेळला असतात ते सविस्तर कळवा. आईस नमस्कार.

तुमची लेक