जुन्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मालकाला मिळावा

महोदय,

जुन्या डिझेल गाड्या भंगारात काढाव्यात की नाही, यावर वाद रोजचाच आहे. मला त्यात पडायचं नाही. पण जी गाडी कायद्याने आजही रस्त्यावर चालते, तिची दुरुस्ती मालकाला घरी करायची असेल तर त्यासाठी लागणारी माहिती त्याला का मिळू नये?

आमची सात आसनी डिझेल गाडी 2007 ची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं एकाच कंपनीचं नाही. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट ती आजही न कुरकुरता चढते. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र किल्ली फिरवली की स्टार्टर रडतखडत फिरायचा, कधी नुसताच 'टक' वाजून गप्प. एका वर्कशॉपने बॉनेट उघडून लगेच निकाल दिला: स्टार्टर पूर्ण बदला, बॅटरीही जुनीच आहे, तीही टाका. मीटर कोणी लावलाच नाही.

माझी नोकरी दूरसंचार खात्यात केबलचे फॉल्ट शोधण्यात गेली. न मोजता वस्तू बदलायची हे मला पटणं शक्य नव्हतं. घरी आणून हेडलाइट लावले आणि मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. स्टार्टर अडखळला, पण दिवे मंदावले नाहीत. बॅटरी मेलेली असती तर दिवेही बसले असते. मग मल्टिमीटर लावला. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर 12 व्होल्ट शाबूत. बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मोजलं तर 3 व्होल्टच्या वर! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्तच समजायचा. म्हणजे बॅटरी ठीक, स्टार्टर ठीक, विजेची परतीची वाट खराब.

वाट म्हणजे चासीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) इंजिनाकडे जाणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी, अर्थ स्ट्रॅप. तिच्या बोल्टखाली हिरवट कळंक चढला होता आणि निम्म्या तारा तुटलेल्या. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीच्या बाजारातून नवीन पट्टी आणली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पट्टी कसून आवळली, वरून व्हॅसलीन. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत चौघं जण पोटभर खाऊन आले तरी याहून जास्त बिल होतं.

हे काम सोपं होतं. वेळ गेला तो पट्टी शोधण्यात. टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं पडायचं आणि काळ्या तेलकट चिखलात एकेक तार चाचपायची. कंपनीच्या वायरिंगच्या नकाशात अर्थिंगचा प्रत्येक बिंदू क्रमांकासह दाखवलेला असतो. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत मात्र फ्यूजचा तक्ता आणि 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा' एवढंच. त्यातून मागच्या मालकाने हॉर्न, फॉग लॅम्प, काय काय टेप गुंडाळून जोडून ठेवलेलं. मूळची तार कोणती आणि नंतरची कोणती, हे कळणार कसं?

सगळंच घरी करावं असं मी म्हणत नाही. आताच्या डिझेल गाड्यांच्या 'कॉमन रेल' इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारपटीच्या) वर जातो, त्या पाइपांना हात लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, खाली स्टँड हवाच. ब्रेकचं काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावं. पण नकाशा त्या मिस्त्रीलाही हवाच असतो, आणि त्यालाही तो मिळत नाही.

ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली. 2022 च्या जुलैत केंद्राने 'राइट टू रिपेअर'साठी (दुरुस्तीच्या हक्कासाठी) समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश होता. त्याच डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून पोर्टलही सुरू झालं. पण सक्तीचा कायदा नाही, त्यामुळे काय द्यायचं आणि काय कपाटात ठेवायचं ते कंपनीच ठरवते. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा नकाशा उघड केल्याने कोणतं गुपित फुटणार आहे?

एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. मी त्याच वर्षी ते भरलं. 2027 मध्ये गाडीला वीस वर्षं होतील, तेव्हा वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नव्या दराने 10,000 भरावे लागतील. तेही भरीन. सरकारने तोवर एवढंच करावं: पंधरा वर्षं झालेल्या प्रत्येक मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा पोर्टलवर टाकणं कंपन्यांना बंधनकारक करावं. हिंदीत, मराठीत नसला तरी चालेल, तारांचे रंग इंग्रजीतही वाचता येतात.

आपला,
एक निवृत्त वाचक
सुदामानगर, इंदूर