पाऊस तोंडावर आलाय, पार्ट्स अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत

नमस्कार मंडळी,

दरवर्षी मे महिन्यात मी तुम्हाला छळतो, यंदाही छळणार. जुन्या ऑर्केस्ट्रा वादकांचे पार्ट्स, म्हणजे एकेका वाद्याची सुरावट लिहिलेले कागद, आपण जपतो त्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आलीय आणि एकदा ओल आली की कागदाला कसर लागायला आठवडा पुरतो.

जुन्या सभासदांना सांगायला नको, पण नवीन मुलांना वाटतं मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद, २००६ ला एनसीपीए या कलाकेंद्रात आला. तो खुशरू सनटूक आणि मरात बिसेनगालिएव यांनी उभा केला, छानच झालं, आपण सगळे तिकीट काढून जातोच. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी, १९३५ ला, मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. म्हणजे तो त्यांच्या मुलापेक्षा, जगभर गाजलेल्या कंडक्टर झुबिनपेक्षा, एक वर्षाने मोठा! झुबिन १९३६ चे, घरातल्या तालमी कानावर घेतच वाढले आणि १९५४ ला व्हिएन्नाला गेले. आकाशवाणीची सकाळची ती धून ज्यांची, ते वॉल्टर कॉफमन पण १९३४ ला युरोप सोडून इथेच आलेले. झुबिन म्हटलं की सगळे फोटोला पुढे, पण मागच्या रांगेत वाजवत कोण होतं विचारलं की सगळे गप्प.

मागच्या रांगेत बरेचसे गोव्याचे होते. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) शिकून आलेले, धोबीतलावच्या कुडात (गोव्याच्या गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत) गादी टाकून राहिलेले, दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला आणि संध्याकाळी बेथोवनला. त्यांच्यातलेच अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू, ज्यांचं नाव गाण्यात आलं म्हणून देशाला पाठ आहे. त्यांनी १९५८ ला शंभरावर वादक जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सिम्फनी केली, लतादीदी आणि मन्ना डे गायला. स्वतः सारंग रागावर व्हायोलिन कन्सर्टो (व्हायोलिन पुढे, ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना) लिहिला. हे शाळेत कोणी शिकवत नाही, जाऊ दे.

तर आपल्याकडे अशाच वादकांच्या घरून आलेले हाताने उतरवलेले पार्ट्स आहेत. सेकंड व्हायोलिनचा एक पार्ट मी परवा उघडला, दोघांत एक स्टँड असायचा म्हणून पान उलटायचा उजवा कोपरा बोटांनी काळा पडलाय, गज वर-खालीच्या खुणा पेन्सिलने, आणि जिथे चाळीस बार (ताल मोजायचे छोटे भाग) गप्प बसायचं तिथे बारीक अक्षरात हिशेब, टॅक्सी आणि दूध. मी दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. यातला नुसता ओबो या फुंकवाद्याचा पार्ट गेला तरी अख्खा सेट वाजवता येत नाही, हे लक्षात घ्या.

इथवर आलो ते तुमच्यामुळेच. वसईच्या बाईंनी नवऱ्याची ट्रंक रद्दीत न टाकता रिक्षात घालून आणून दिली, वर रिक्षाचे पैसे पण घेतले नाहीत. माहीमच्या आजोबांनी नव्वदीत डोळ्याला भिंग लावून फाटलेल्या पानांवरचे बार जुळवले, ते आता नाहीत. आपल्या ट्रेझरर काकांनी पेन्शनमधून पहिलं लोखंडी कपाट घेतलं आणि अजून कोणाला सांगू देत नाहीत (सॉरी काका, सांगितलं). कॉलेजच्या दोन मुली दर शनिवारी येऊन स्कॅन करतात, फुकट, चहा पण स्वतःचा आणतात.

आणि दुसरीकडे, मागच्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर एकशे बारा अंगठे आले. कामाला आले चार जण. एका मोठ्या जागी तर मी तीन वेळा फाइल घेऊन गेलो, शेवटी शिपायाने विचारलं, "फिल्मी आहे का?" राग नाही, पण लागतं हो मनाला.

आता कामाचं, घाईत लिहितोय. दोन कपाटं, ॲसिड नसलेल्या कागदाची फोल्डर्स आणि एक सेकंडहँड फ्लॅटबेड स्कॅनर हवाय, जमेल तेवढं द्या, ५०० पण चालतील, यूपीआय नंबर ग्रुपच्या वर पिन केलाय, स्क्रीनशॉट मला वेगळा पाठवा नाहीतर पावती राहते, कॅश फक्त काकांकडे, ३१ मेच्या आत. पैसे नसतील तर शनिवारी ४ ते ७ हात द्या, खोली माहितीये, लिफ्ट बंद आहे. आणि घरी आजोबांचे कागद असतील तर प्लीज सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर अजिबात नको, आहे तसं जुन्या सुती चादरीत गुंडाळून आणा, फोन केलात तर मी स्वतः न्यायला येतो.

तुमचा,
सचिव